गाळलेला अभंग

१

भक्तिकाव्य वाचणारा वाचक देव मानत नसेल, तर त्याच्या वाचनात नेमके काय घडते, हा प्रश्न मराठी समीक्षेत अधूनमधून उपस्थित होतो आणि बहुधा लवकरच मिटवलाही जातो. मिटवण्याच्या दोन रीती रूढ आहेत. पहिली रीत कलावादी म्हणता येईल. तिच्या मते अभंग ही एक शब्दरचना आहे. तीतील विठ्ठल हे कवीच्या भावनेचे आलंबन आहे. आलंबन खरे की कल्पित याची चौकशी करण्याचे रसिकाला कारण नाही. दुसरी रीत सांप्रदायिक. तिच्या मते अभंग हा अनुभवाचा उद्गार आहे आणि ज्याच्यापाशी तो अनुभव नाही त्याने कितीही पाठांतर केले तरी त्याच्या हाती केवळ शब्द लागतात. पहिल्या उत्तरात देव अनावश्यक ठरतो, दुसऱ्यात वाचक. दोन्ही उत्तरांत एक सोय आहे. देव आणि वाचक यांची समोरासमोर गाठ पडू द्यावी लागत नाही.

ही गाठ घरातच येऊन पडलेल्या एका वाचकाची हकीकत या संदर्भात तपासून पाहण्यासारखी आहे. हा वाचक साहित्याचा अभ्यासक नव्हे. सोलापुरातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून तो निवृत्त झाला. १९९० नंतरची जवळजवळ तीस वर्षे त्याने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घालवली. गावोगावच्या चावडीपुढे जिभेवर जळता कापूर ठेवणे, नारळातून रंगीत चिंधी काढून दाखवणे आणि मग त्यामागची हातचलाखी उलगडून सांगणे, हे त्याचे सुट्टीतले काम. देवाधर्माला सरसकट विरोध नाही, शोषणाला आहे, ही चळवळीची जाहीर भूमिका तो प्रामाणिकपणे मांडत असे. परंतु स्वतःपुरता त्याचा निकाल लागलेला होता. देव नाही, असे त्याचे मत होते आणि ते त्याने घरात कधी लपवले नव्हते.

त्याची आई मंगळवेढा तालुक्यातल्या एका खेड्यातली. माळकरी. शरीर चालत होते तोवर महिन्याची वारी तिने पायी केली. अक्षरओळख तिला शाळेत झाली नाही. भावाच्या शेजारी बसून पोथीवरून झाली. त्यामुळे वाचन म्हणजे गाथा आणि गाथा म्हणजे वाचन असे तिच्या आयुष्यात समीकरण होते. काचबिंदूने तिची दृष्टी गेली, तेव्हा हरिपाठ मुखोद्गत असल्यामुळे अडले नाही. पण गाथा बंद झाली. १७ मार्च २०२० रोजी साथीमुळे पंढरपूरचे मंदिर दर्शनासाठी बंद झाले आणि आठवड्याभरात सगळा देशच घरात बसला. त्या दिवसांत, चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईने मुलाला सांगितले, रोज दहा अभंग वाचून दाखव.

नाही म्हणण्याचे त्याला काही कारण सुचले नाही. लाल कापडात बांधलेली गाथा त्याने सोडली आणि पहिल्या पानापासून आरंभ केला.

२

प्रारंभी या वाचनात त्याला कसलीच अडचण जाणवली नाही. आंधळ्या आईला वर्तमानपत्र वाचून दाखवावे तसेच हे. वाचणाऱ्याचे अग्रलेखाशी एकमत असावे लागत नाही. कवितेच्या वाचकापुरते हे समाधान पाश्चात्त्य समीक्षेनेही शोधून ठेवले आहे. काव्य वाचताना वाचक आपला अविश्वास काही काळ आपखुशीने बाजूला ठेवतो, अशी कल्पना कोलरिजने १८१७ मध्ये मांडली. रिचर्ड्‌सने १९२९ मध्ये बौद्धिक विश्वास आणि भावनिक विश्वास असा भेद करून, कवितेला दुसरा पुरेसा असतो असे सुचवले. त्याच वर्षीच्या दान्तेवरील निबंधात एलियटने तत्त्वज्ञानाला दिलेली मान्यता आणि काव्याला दिलेली मान्यता या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मात्र टिपेत त्याने कबूल केले की, प्रत्यक्ष व्यवहारात आपली काव्याची गोडी आपल्या श्रद्धेपासून पूर्णपणे सुटी करता येत नाही. १९२७ मध्ये चर्चची दीक्षा घेतलेल्या कवीची ही कबुली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतीय काव्यशास्त्राने ही अडचण वेगळ्या ठिकाणी पाहिली होती. जगन्नाथ पंडिताने सतराव्या शतकात ‘रसगंगाधरा’त भक्तीला स्वतंत्र रसाचे स्थान नाकारले. भरताने घालून दिलेली रसांची संख्या मोडू नये, देवविषयक रती ही भावाच्याच कोटीत राहावी, असा त्याचा पक्ष. परंतु या परंपरानिष्ठ निर्णयाच्या आड एक खरी अडचण असावी असे वाटते. नायक-नायिकेची रती साधारणीकरणाने कोणाही रसिकाची होऊ शकते. विशिष्ट देवावरची रती मात्र त्या देवाला धरूनच राहते. ती सर्वांची करायची तर देवालाच सैल करावे लागते, आणि देव सैल झाला की ती भक्ती राहत नाही. गंमत अशी की, त्याच शतकात इंद्रायणीकाठी एक वाणी देवाला जराही सैल न करता आपली भक्ती अक्षरशः कोणाच्याही तोंडी देत होता.

हे कसे साधले, याचा काही उलगडा अभंगाच्या घडणीतच होतो. अभंगभर कवी ‘मी’ म्हणून बोलतो आणि शेवटच्या चरणात स्वतःचेच नाव एखाद्या तिऱ्हाईतासारखे घेतो. नाममुद्रा म्हणून परिचित असलेल्या या संकेताकडे कर्तृत्वाची खूण एवढ्याच दृष्टीने पाहिले जाते. परंतु मोठ्याने वाचणाऱ्याच्या बाजूने पाहिले तर तिचे कार्य अगदी निराळे आहे. तीन-चार चरण वाचक दुसऱ्याचा ‘मी’ आपल्या जिभेवर वागवतो. शेवटी तो ‘मी’ ज्याचा त्याला परत करतो. मुद्रा ही वाचकाची सुटका असते. या वाचकाला ती सुटका फार सोयीची वाटली. तो बोलत होता; पण बोलणारा तो नव्हता.

या व्यवस्थेला पहिला आक्षेप बाहेरून आला. आईच्या माहेरचा एक भाचा फडावर कीर्तन करणारा. फोनवर त्याला हे वाचन कळले तेव्हा त्याने आत्याबाईंना अदबीने सुचवले की, गळ्यात माळ नसलेल्याने, त्यातून देव न मानणाऱ्याने केलेले वाचन हे पारायण धरता येणार नाही. आईने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “वाचणारा कोण का असंना. ऐकणारी मी हाय न्हवं?”

हे उत्तर भाच्याला पटले की नाही कळायला मार्ग नाही. परंतु वाचनव्यवहाराविषयी ते बरेच काही सांगून जाते. श्रद्धा वक्त्याच्या ठायी असली पाहिजे, असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. या वृद्धेने ती श्रोत्याच्या ठायी ठेवली. मुलाची जागाही तिने त्याच वाक्यात ठरवून टाकली. तो साधन होता. आपल्याला भक्त बनवण्याचा आईचा काही डाव नाही, हे जाणून त्याला हायसे वाटले; आणि आपले मत या खोलीत कोणाच्या खिजगणतीतही नाही, हे जाणून काहीसे रुखरुखलेही.

३

श्रावणातल्या एका संध्याकाळी आठवा अभंग वाचता वाचता त्याची नजर पुढच्या अभंगावर गेली. गाथा ओळीने वाचणाऱ्याला ठाऊक असते की, तीत शंकेचे, कंटाळ्याचे आणि संतापाचे अभंग थोडेथोडके नाहीत. देवाला निष्ठुर म्हटले आहे, दिवाळखोर ठरवले आहे, भक्तांनी आकार दिला म्हणून तुला रूप आले असे त्याच्या तोंडावर ऐकवले आहे. हे सगळे त्याने न अडखळता वाचले होते. परंतु या अभंगात तुकोबा देवाशी बोलतच नाहीत. आपल्यापुरता देव आता उरलेला नाही, कोणासाठी असेल तर असो, अशी भाषा तेथे येते आणि पुढे त्याचे नावही घ्यायचे नाही असा निश्चय येतो. वाचकाने तो अभंग सोडला आणि त्यानंतरचा घेतला.

वाचन संपल्यावर आई म्हणाली, “आज नऊच झाले रं.” ती बोटांच्या पेरांवर मोजत असे, हे त्याला माहीत नव्हते. मोजण्यात चूक झाली असेल, असे तो म्हणाला. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यो रुसल्याचा हुता, त्यो गाळलास. वाच.”

त्याने वाचला.

अभंग का गाळला, याचे उत्तर त्याच्यापाशी तयार होते. म्हातारीला आता या वयात कशाला दुखवायचे? हे उत्तर सुस्वभावी आहे; पण ते नीट पाहिले तर त्यात एक जुना गर्व दिसतो. तीस वर्षे गावकऱ्यांपुढे उभा राहून हा माणूस सांगत आला होता की, सत्य पचवण्याची ताकद सर्वांत असते. स्वतःच्या घरात मात्र त्याने आईला त्यातून वगळले होते. शंका ही शिकलेल्यांची मिळकत आहे, श्रद्धावंतांची श्रद्धा काचेच्या भांड्यासारखी जपून हाताळायला हवी, हे न बोललेले गृहीत त्याच्या मनात होते. नास्तिकाने आस्तिकाची श्रद्धा वाचवण्यासाठी संताच्या गाथेची छाटणी करावी, यातला विपर्यास त्याच्या ध्यानात आला तो आईने बोटे दाखवल्यावर.

अशी छाटणी करणारा तो पहिला नव्हे. समीक्षेनेही ती केली आहे, फक्त अधिक सभ्य पद्धतीने. रा. द. रानडे यांनी १९३३ च्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराष्ट्रातील संतांच्या गूढानुभवाची मांडणी करताना तुकोबांच्या शंकेला आणि तळमळीला साक्षात्काराआधीच्या काळोख्या रात्रीचे स्थान दिले. मांडणी भव्य आहे आणि तिच्यामागे साधकाचा अधिकार आहे, यात शंका नाही. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की शंका ही एक पायरी बनली. पायरीवर कोणी राहत नाही. ती चढून जाण्यासाठी असते. त्यानंतर पाठ्यपुस्तकांतून आणि चरित्रांतून तुकोबांचा प्रवास आधी संसारताप, मग तळमळ, शेवटी आनंद असा सरळ रेषेत लावला जाऊ लागला.

गाथेची संहिता मात्र या रेषेला साक्ष देत नाही. साडेचार हजारांहून अधिक अभंगांत रचनाकाळाचा क्रम नाही. १८६९ आणि १८७३ मध्ये इंदुप्रकाश छापखान्यातून निघालेल्या आवृत्तीपासून प्रतीप्रतींतून क्रम पालटतो. ओळीने वाचणाऱ्याला तृप्तीच्या अभंगानंतर पोटात गोळा आणणारा अभंग भेटतो, त्यानंतर एखादा नर्मविनोदी, त्यानंतर पुन्हा रिकामपणा. शंका आधी आणि निश्चय नंतर, हा चरित्रकाराने लावलेला हिशेब आहे. अभंग वाचणाऱ्या आणि ऐकणाऱ्या पिढ्यांनी दोन्ही एकाच बैठकीत ऐकले.

त्या संध्याकाळी दहावा अभंग झाल्यावर आईने जे सांगितले ते मुलाने आयुष्यात प्रथमच ऐकले. १९७२ च्या दुष्काळात त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊ जुलाबांनी गेला होता. आईबाप खडी फोडायला जात होते, घरात मिलोची भाकरी आणि मुलांना मिळणारी सुकडी एवढेच होते. त्यानंतर दोन वर्षे आई पंढरपूरला गेली नाही. माळ खुंटीला अडकवली. लोकांना सांगितले, पाय दुखतात. वारी नवऱ्याने एकट्याने चालवली. हरिपाठाला ती बसे. पण ओठ हलवी, म्हणत काही नसे. “त्या दोन वर्सात गाथेतला ह्योच काय त्यो वाचायची. त्याचं बी पोर दुष्काळातच गेलं हुतं.”

मग परत कशी गेलीस, असे मुलाने विचारले. या प्रश्नात तीस वर्षांचा कार्यकर्ता जागा झाला होता. त्याला कारण हवे होते. आईने ते दिले नाही. “गेले. रुसायचा बी कटाळा आला,” एवढेच म्हणाली.

१९७२ साली मुलगा चौदा वर्षांचा होता. आईचे पाय दुखत, हे त्याला आठवत होते. त्याच सुमारास, शाळेतल्या एका शिक्षकाच्या कपाटातली पुस्तके वाचून, त्याने देव नाही असे मनाशी ठरवले होते आणि आईच्या अढळ श्रद्धेविरुद्ध आपण एकटेच बंड करीत आहोत अशी त्याची समजूत होती. ज्या दोन वर्षांत तो हे बंड करीत होता, त्या दोन वर्षांत आईपाशी देव नव्हता. एकाच घरात, एकाच छपराखाली, दोघेजण देवावाचून राहत होते आणि एकमेकांपासून ते लपवत होते.

४

येथे थांबले तर एक सुंदर निष्कर्ष हाती येतो: शंका ही श्रद्धेचीच लेक आहे, नास्तिकाचा आणि भक्ताचा वाद वरवरचा आहे, सगळे प्रवाह चंद्रभागेला मिळतात. मराठी ललित लेखनाला हा निष्कर्ष फार प्रिय आहे. म्हणूनच तो तपासला पाहिजे.

आईने त्या अभंगाला रुसल्याचा म्हटले. व्याकरणाच्या भाषेत तिच्या म्हणण्याची फोड अशी करता येईल. देवाच्या अस्तित्वाचा वाद देवाला प्रथमेत ठेवतो. देव आहे, देव नाही. अभंग त्याला प्रामुख्याने संबोधनात ठेवतो. प्रथमेतली शंका संबंध संपवते. संबोधनातली शंका ही त्या संबंधातलेच एक बोलणे असते. गाळलेला अभंग वेगळा ठरतो तो यामुळे की, तेथे तुकोबा संबोधन टाकून प्रथमेत येतात, देवाविषयी तिऱ्हाईतासारखे बोलतात. मुलाने म्हणूनच तो गाळला. त्याला त्यात स्वतःचीच भाषा ऐकू आली. आईला मात्र त्यात घरातली भाषा ऐकू आली. रुसलेले माणूस ज्याच्यावर रुसले त्याच्याशी बोलत नाही. दुसऱ्याला सांगते, पण ऐकवायचे असते त्यालाच. लेकी बोले सुने लागे. आईच्या लेखी तुकोबांची प्रथमा हे पाठ फिरवलेले संबोधन होते.

हे वाचन मार्मिक आहे. परंतु सर्वच नकार असे पाठ फिरवलेले संबोधन नसतात, आणि तसे मानणे हा नकार देणाऱ्यावर अन्याय असतो. ही गोष्ट त्याच घरात आणखी एका प्रसंगी पुढे आली. २०२० च्या आषाढीला पालख्या पायी निघाल्या नाहीत, पादुका एस.टी.च्या गाडीतून पंढरपूरला गेल्या. बातमी ऐकून आई म्हणाली, “औंदा देवानं समद्यांचाच चोखोबा केला. समदेच भाईर.” वाक्य ऐकायला विलक्षण होते. मुलाला ते सहन झाले नाही. त्याने आईला सांगितले की, रोगामुळे दार चार महिने बंद राहणे आणि जन्मामुळे पिढ्यान्‌पिढ्या बंद राहणे यांची बरोबरी होत नाही. साथ गेली की आपण आत जाणार आहोत. चोखोबा कधी गेला नाही. आई यावर काही बोलली नाही. तिच्या गावापासून मंगळवेढे हाकेच्या अंतरावर. तेथे वेठीच्या कामावर गावकूस कोसळून चोखोबा १३३८ मध्ये दगावला, असे परंपरा सांगते. त्याची समाधी महाद्वारासमोर आहे, दाराच्या बाहेर.

चोखोबाचा मुलगा कर्ममेळा याच्या नावावर मोजकेच अभंग आहेत. बापाच्या अभंगांत आर्तता आहे. मुलाच्या अभंगांत हिशेबाची मागणी आहे. आम्हांला असा जन्म का दिलास, उष्ट्यावर का ठेवलेस, हे तो देवालाच विचारतो. तो अजून संबोधनात आहे. पण त्याच्या संबोधनात लाडीगोडी उरलेली नाही. त्याची आई सोयराबाई विटाळाविषयी जे विचारते, त्यात तर शास्त्रार्थाची धार आहे. या कुटुंबाच्या प्रश्नांना रुसवा म्हणणे अवघड आहे. रुसायला आधी घरात जागा असावी लागते.

पंढरपूरचे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले, आणि दार उघडले. चोखोबानंतर सहाशे वर्षांनी. तोपर्यंत काहींचा प्रश्न दाराच्या पलीकडे गेला होता. डॉ. आंबेडकरांनी १९३० मध्ये काळारामाच्या दाराशी सत्याग्रह सुरू केला होता. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मत्यागाची घोषणा केली. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिलेला ग्रंथ त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत चोखामेळा आहे. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी चोखोबाचा देव सोडला. संताचा आदर आणि त्याच्या देवाचा त्याग एकाच माणसाच्या ठायी सुखाने नांदू शकतात, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधण्याची गरज नाही. हा त्याग म्हणजे भांडण नव्हे. ते निघून जाणे आहे. निघून गेलेल्याला ‘तू मनातून इथलाच’ असे सांगणारी उदारता ही त्याचे निघून जाणे ऐकूनच घेत नसते.

जोतीराव फुले यांची वाट आणखी निराळी. त्यांच्या निधनानंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त देव हा शब्द टाळून त्यांनी निर्मिक स्वीकारला; आपल्या पद्यरचनांना मात्र अखंड म्हटले आणि त्यांचा साचा अभंगाचा ठेवला. विठोबा वगळून अभंग शिल्लक राहतो की नाही, हा प्रश्न कलावादी समीक्षेने उपस्थित करण्यापूर्वी फुले यांनी तो लिहूनच सोडवला होता. शेवटच्या चरणात नाव घेण्याची रीतही त्यांनी मोडली नाही.

५

देवांचा अर्थ काय, हा प्रश्न या सगळ्यातून पुन्हा पुढे येतो. मुलाने त्याचे एक उत्तर ग्रंथांतून मिळवले होते. रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. गवळी-धनगरांचा एक देव वैष्णव परंपरेत कसा सामावला गेला, याचा शोध त्यात आहे. तो वाचून मुलाने त्या काळी मोठ्या उत्साहाने आईला सांगितले होते की, तुझा विठोबा मुळात धनगरांचा. देवाला इतिहास आहे हे कळले की देवपण गळून पडेल, अशी त्याची अपेक्षा. आई म्हणाली होती, “मग वाईट काय झालं? गुरं राखणाराच की. आपल्यासारखा.” इतिहासाने देव पातळ होईल असे मुलाला वाटले होते, तो आईच्या आणखी जवळ आला.

तिच्या लेखी विठ्ठल हे विश्वाच्या कारणाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर कधीच नव्हते. मूल का गेले, याचे उत्तर तिने त्याला मागितले, ते मिळाले नाही, आणि न मिळताच ती परत गेली. तिच्यापुरता देवाचा अर्थ होता, ज्याच्यापाशी ही विचारणा करता येते तो. हा अर्थ खोटा पाडता येत नाही. कारण तो काही सिद्ध करीत नाही. मात्र तो सर्वांना पुरतोच असे नाही. ज्याला उत्तर हवे आहे, किंवा ज्याला विचारणा करण्यासाठीही दाराबाहेर उभे केले गेले, त्याने तो स्वीकारला नाही तर त्यात काही कमतरता नसते. आईची श्रद्धा आणि मुलाचा नकार या एकाच वस्तूच्या दोन बाजू नव्हेत. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या शेजारी शेजारी बसून रोज दहा अभंग वाचू शकल्या, एवढेच येथे नोंदवायचे आहे. त्या दोघांत जे होते त्याला श्रद्धा म्हणता येणार नाही. एकमेकांना न गाळण्याची एक रीत म्हणता येईल. आणि तीही आईने बोटे मोजली म्हणून सापडली.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आई वारली. गाथेचे हजारभर अभंग उरले होते. तेराव्याला भाच्याने टाळकरी आणले, भजन झाले. मुलाने अडवले नाही आणि टाळही हाती घेतला नाही. गाथा लाल कापडात बांधून फळीवर ठेवली. ऐकणारी गेल्यावर वाचणाऱ्याचे काम संपले, असे त्याला वाटले. आईनेच घालून दिलेला तो नियम होता.

पंधरा-वीस दिवसांनी संध्याकाळी बायकोने विचारले, “आता वाचायचं नाहीच का?” अकरा महिने ती स्वयंपाकघरातून ऐकत होती, हे त्याच्या लक्षातच आले नव्हते. ती माळकरी नव्हती. उपासतापासही फारसे करीत नसे. देवाविषयी तिचे मत काय, हे लग्नानंतरच्या पस्तीस वर्षांत त्याने विचारले नव्हते. त्याही संध्याकाळी विचारले नाही. खूण होती तेथून त्याने गाथा उघडली. बोटांवर मोजायला आता कोणी नव्हते, म्हणून दहा अभंगांचा हिशेब त्याचा त्यालाच ठेवावा लागला.